निद्रानाश आणि विसरलेले आठ तास

झोप हा विषय एका राजकीय साप्ताहिकाच्या संपादकीय पानाचा नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. झोप ही ज्याची त्याची खासगी बाब. ती येत नसेल तर डॉक्टरकडे जावे, चहा कमी करावा, रात्री कोमट दूध घ्यावे. त्यात पक्षाने सांगण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु ज्या चळवळीचा वारसा आपण सांगतो तिची पहिली जगव्यापी मागणी कोणती होती, याचे स्मरण केले म्हणजे हा संकोच टिकत नाही. आठ तास काम, आठ तास स्वतःसाठी आणि आठ तास विश्रांती, अशी ती मागणी होती. रॉबर्ट ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा पुरस्कार केला. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ साली आठ तासांचा दिवस प्रत्यक्ष पदरात पाडून घेतला. आणि १ मे १८८६ रोजी शिकागोसह अमेरिकेतील अनेक शहरांतले कामगार त्याच मागणीसाठी रस्त्यावर उतरले. यांपैकी पहिल्या आठ तासांविषयी आपण पुष्कळ बोललो आणि लढलो. दुसऱ्या आठ तासांसाठी वाचनालये काढली, अभ्यासवर्ग चालवले, कलापथके उभी केली. तिसऱ्या आठ तासांचा मात्र आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

आज निद्रानाशाची चर्चा सर्वत्र होते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, गाद्यांच्या जाहिराती, झोप मोजणारी मनगटी घड्याळे या साऱ्यांचा सूर एकच असतो : झोप येत नाही याचे कारण झोप न येणाऱ्याच्या सवयींत आहे, आणि उपायही त्याच्याच हाती, किंबहुना त्याच्याच खिशात आहे. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि ते नेमके कोठे अपुरे पडते हे वैद्यकशास्त्राच्या व्याख्येवरूनच स्पष्ट होते. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार लवकर जाग येते, त्यामुळे दिवसाचे व्यवहार बिघडतात, आणि हे सारे झोपेसाठी पुरेसा वेळ व योग्य परिस्थिती उपलब्ध असूनही घडते, तेव्हा त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. यातील शेवटची अट महत्त्वाची आहे. ज्याला वेळच नाही, त्याला निद्रानाश झालेला नसतो. त्याची झोप हिरावून घेतलेली असते. ज्याला वेळ आहे पण शेजारी भोंगा वाजतो आहे, छपराचा पत्रा रात्रभर तापलेला आहे आणि डास फोडून काढताहेत, त्याचीही गत तीच.

तेव्हा जागरणाचे तीन प्रकार मानले पाहिजेत. वेळ आणि जागा असूनही झोप न येणे हा पहिला. वेळ आहे, पण परिसर झोपू देत नाही हा दुसरा. आणि मुळात वेळच नाही हा तिसरा. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला पहिल्या प्रकारचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. पण पहिल्या प्रकारच्या माणसाला ‘व्यवस्था बदलेल तेव्हा झोप लागेल’ असे सांगणे हेही तितकेच निष्ठुरपणाचे आहे. समाजपरिवर्तन होईपर्यंत जागे राहा, असे कोणाला सांगता येत नाही.

म्हणून आधी पहिल्या प्रकाराचा विचार करू. झोपेचे शरीरशास्त्र थोडक्यात असे आहे. माणूस जितका अधिक काळ जागा राहतो तितका त्याच्यावर झोपेचा दाब वाढत जातो; आणि याखेरीज शरीरात सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ चालू असते, जे प्रामुख्याने प्रकाशावर लावले जाते. या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दाब पुरेसा साचला आणि घड्याळाची वेळ जुळली की झोप येते. झोप ओढून आणता येत नाही. ती येण्याची परिस्थिती तेवढी निर्माण करता येते. चहाचे उदाहरण घ्यावे. चहा-कॉफीतील कॅफिन झोपेच्या दाबाची जाणीव होऊ देत नाही, आणि शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो, हे ज्या कार्यकर्त्यांच्या बैठका चहावर चालतात त्यांनी ध्यानात ठेवावे. तंबाखू, विडी आणि मिश्री यांतील निकोटिन हेही उत्तेजकच आहे. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते.

घरोघरी चालत आलेले उपायही आहेत. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे, आणि आपल्या आज्या तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने चोळत असत. यात अपाय काही नाही आणि अंग सैल पडण्यास मदत होते. झोपण्यापूर्वी एक-दोन तास कोमट पाण्याने आंघोळ करणे हेही उपयुक्त ठरते, कारण त्यानंतर शरीराचे तापमान उतरते आणि ते उतरणे झोपेला पोषक असते. दुधात चिमूटभर जायफळ चालेल. मात्र चिमटीच्या पुढे जाऊ नये, मोठ्या मात्रेत ते विषारी आहे. दिवे मंद करणे, जड जेवण लवकर उरकणे आणि मोबाइल अंथरुणापासून दूर ठेवणे हे सर्वांना ठाऊक असते. पाळले जात नाही इतकेच.

परंतु ज्याचा निद्रानाश जुना झाला आहे त्याला केवळ अशा चांगल्या सवयींचा फारसा गुण येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अशा रुग्णांसाठी विचार आणि वर्तन यांत बदल घडवणारी एक उपचारपद्धती गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध झाली आहे, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संस्थेने जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. तिचे दोन मुख्य नियम कोणालाही समजण्यासारखे आहेत. पहिला नियम रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला : झोप डोळ्यांवर आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये, तेथे वाचन, हिशेब, काळजी काही करू नये, पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे मंद उजेडात बसावे आणि पेंग आली म्हणजेच परतावे, कितीही वेळा हे करावे लागले तरी, घड्याळ पाहू नये, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे, आणि दिवसा झोपू नये. अंथरूण आणि जागरण यांची मनात जुळलेली सांगड तोडणे हा यातील हेतू. एका खोलीच्या घरात दुसरी जागा कोठून आणावी, असे कोणी म्हणेल. दाराशी किंवा ओट्यापाशी बसले तरी चालते. आणि सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवण्याची, रात्री निजतानाच ते पसरण्याची आपली जुनी रीत या नियमाला पूर्णपणे धरून आहे.

दुसरा नियम आर्थर स्पीलमन यांचा, १९८७ मधला. तो ऐकायला उलटा वाटतो. झोप साडेपाच तास लागते आणि माणूस नऊ तास पडून राहतो, असे असेल तर पडून राहण्याचा वेळच साडेपाच-सहा तासांवर आणावा. उठण्याची वेळ पक्की ठेवून निजण्याची वेळ पुढे ढकलावी. काही दिवसांत झोपेचा दाब वाढतो आणि तुटक झोप सलग होते. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवावा. पाच तासांच्या खाली मात्र जाऊ नये. आणि वाहन वा यंत्र चालवणाऱ्यांनी, तसेच फेफरे किंवा उन्मादाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये. जे मोठ्याने घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो आणि दिवसा ज्यांना पेंग आवरत नाही, त्यांनी निद्रानाशाचे उपाय करत न बसता तपासणी करून घ्यावी. रात्री पायांत शिवशिव होऊन ते हलवल्यावाचून राहवत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, रक्तातील लोह तपासून घ्यावे. पहाटे फार लवकर जाग येते आणि मनाला सतत उदासी ग्रासते, तेव्हा विकार झोपेचा नसून नैराश्याचा असू शकतो. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

गोळ्यांविषयी दोन शब्द. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि २०१४ पासून विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदारावर बंधनकारक आहे. तरीही ओळखीवर गोळी मिळते, हे वास्तव आहे. काही दिवसांच्या संकटात डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यात गैर नाही. महिनोन्‌महिने घेतल्यास तिची सवय लागते. वृद्धांमध्ये तोल जाऊन हाडे मोडण्याचा धोका वाढतो. सवय लागलेल्याने ती एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या मदतीने हळूहळू कमी करावी.

आता दुसरा प्रकार. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या प्रस्तुत लेखकाला या संदर्भात चेन्नईतील एक अभ्यास फार बोलका वाटतो. गौतम राव, फ्रँक शिल्बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तो ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. शहरातील अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांना त्यांनी संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले आणि मनगटावरील यंत्राने त्यांची झोप मोजली. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्ष झोप मिळे साडेपाच तास. मग त्यांना गाद्या, पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानांतले बोळे अशा वस्तू देऊ केल्या, मार्गदर्शन केले, काहींना झोपेसाठी पैसेही दिले. झोप २७ मिनिटांनी वाढली. पण ती अधिक वेळ पडून राहिल्यामुळे, झोपेचा कस वाढल्यामुळे नव्हे. कामाची गती, एकाग्रता, मनःस्वास्थ्य यांत लक्षणीय फरक पडला नाही. याउलट कामाच्या शांत जागी दुपारी अर्धा तास डुलकी मिळालेल्यांची एकाग्रता, समाधान आणि कामाची गतीही सुधारली. मात्र त्या अर्ध्या तासात काम करत राहिलेल्यांच्या तुलनेत त्यांची एकूण कमाई काहीशी घटली, कारण मजुरी कामावर होती.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, गरिबाच्या वस्तीत झोपेचा प्रश्न केवळ तासांचा नसून उष्णता, गोंगाट, डास आणि दाटी यांचाही आहे. गादी देऊन तो सुटत नाही. दोन, दुपारची विश्रांती उपयोगी आहे, पण तिची किंमत मजुराने मोजायची की मालकाने, हा प्रश्न अर्थशास्त्राचा तितकाच राजकारणाचा आहे. विश्रांती पगारी असेल तरच ती गरिबाला परवडते.

गोंगाटापुरते बोलायचे तर कायदा आपल्या बाजूला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, राज्य सरकार सवलत देऊ शकते. नियम मोडणाऱ्यांत सर्व धर्मांचे उत्सव आहेत, लग्नाच्या वराती आहेत आणि राजकीय पक्षांच्या सभाही आहेत. झोपेचा हक्क न्यायालयांनीही मानला आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये झोपलेल्या जमावावर पोलिसांनी मध्यरात्री कारवाई केली. त्या प्रकरणी फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्कात येते, असे म्हटले. एका वृद्ध नागरिकाचा जबाब रात्रभर नोंदवत बसलेल्या तपास यंत्रणेला मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हेच सुनावले. ज्याचा उल्लेख संविधानाच्या अन्वयार्थात होतो, त्याचा आपल्या कार्यक्रमपत्रिकेत का होऊ नये?

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. मुंबईत १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत रविवारची सुटी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, ही मागणी होती. सूर्यास्त ही तेव्हा कामगाराची निसर्गदत्त मर्यादा होती. साप्ताहिक सुटी १८९० मध्ये मिळाली. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा पुसली गेली. मग ती कायद्याने पुन्हा आखावी लागली : १९११ मध्ये बारा तास, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, आणि १९४६ च्या दुरुस्तीने व १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तास. म्हणजे बारावरून नऊवर यायला पस्तीस वर्षे लागली.

हा हिशेब आज मांडण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास, आणि जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, कामगाराची लेखी संमती लागेल आणि चार दिवस राबून तीन दिवस सुटी घेता येईल, असे समर्थक सांगतात. त्यांचे म्हणणे ऐकून घेऊनही साधी वजाबाकी करून पाहावी. दिवसाचे चोवीस तास. त्यांतून बारा कामाचे आणि विरार-कल्याणकडून येणाऱ्याचे तीन प्रवासाचे वजा केले की नऊ उरतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्त्रिया बिनमोबदला घरकामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७. नोकरदार स्त्रीचे चारच तास धरले तरी तिच्या हाती पाच तास उरतात. आणि त्या पाच तासांत तिने जेवायचे, आंघोळ करायची आणि झोपायचेही आहे. चार रात्रींचे हे कर्ज पुढच्या तीन दिवसांत पूर्ण फिटत नाही. आणि हाताशी पैसा नसलेल्याची लेखी संमती कितपत मोकळी असते, हे कामगार चळवळीला कोणी शिकवायला नको.

शहराबाहेरही हेच आहे. कृषिपंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री वीज मिळत आली. सौरऊर्जेच्या योजनांनी काही भागांत दिवसा पुरवठा सुरू झाला. जेथे तो पोहोचलेला नाही तेथे शेतकरी साप-बिबट्याच्या भयात रात्री पाणी धरतो आणि दिवसा पुन्हा शेतात असतो. ऊसतोड कामगाराला गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना, ऊस भरावा लागतो. शरीराचे घड्याळ उलटे फिरवणारी रात्रपाळी कर्करोगाला संभवतः कारणीभूत आहे, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये केले आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवले. या माणसांना अंथरुणावर पडताच झोप लागते. त्यांना उपदेश नको, तास हवेत.

तेव्हा आपल्या संघटनांनी काही ठोस मागण्या हाती घ्याव्यात. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांची सलग विश्रांती, जशी युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात आहे. पाळ्यांची फिरती सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकणारी, कारण उलटी फिरती शरीराला अधिक जाचते. रात्रपाळीत निजण्याची स्वच्छ जागा आणि पगारी डुलकी. शेतीला दिवसा वीज. आणि दहानंतर ध्वनिवर्धक बंद. यांतील शेवटची गोष्ट आपल्या शाखा उद्यापासून स्वतः पाळू शकतात. रात्रपाळीहून परतणाऱ्या सोबत्याला सकाळी उजेड टाळायला, खिडकीला जाड पडदा लावायला आणि घरच्यांना दुपारपर्यंत शांतता राखायला सांगणे हेही कामच आहे.

एक गोष्ट कार्यकर्त्यांना उद्देशून. जागरणाची आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. रात्री अकराला बैठक सुरू करणे, दोन वाजता ठराव लिहिणे आणि सकाळी सहाला फाटकावर हजर होणे यालाच निष्ठा समजले जाते. मोर्चाच्या आदल्या रात्री जागावे लागते, त्याला इलाज नाही. पण जी संघटना सदासर्वदा अपुऱ्या झोपेवर चालते तिचे निर्णय चिडके होतात, तिची माणसे चाळिशीतच थकतात, आणि ज्यांना पहाटे उठून पाणी भरायचे असते अशा स्त्रिया तिच्या बैठकांना येतच नाहीत. बैठक सायंकाळी सातला सुरू करून साडेनऊला संपवावी, शेवटचा चहा साडेसातनंतर देऊ नये आणि घरी गेल्यावर संघटनेचे निरोप पाहणे दुसऱ्या सकाळवर टाकावे. यासाठी कोणत्याही सरकारची मंजुरी लागत नाही.

ज्याला वेळ आणि जागा असूनही झोप येत नाही, त्याने वर सांगितलेले नियम चार-सहा आठवडे निष्ठेने पाळून पाहावेत; बहुतेकांना त्यांचा गुण येतो. ज्याला वेळ किंवा जागाच नाही, त्याच्यासाठी आपण सर्वांनी काम करावयाचे आहे. येत्या मे दिनाच्या फलकांवर आठ तास कामाच्या बरोबरीने आठ तास विश्रांतीची मागणीही लिहिली जावी, आणि ती सभा रात्री दहाच्या आत संपावी, एवढीच आमची विनंती आहे.